मागची खोली

वाघमारे मॅडमनी आयुष्यभर वाघ कोंडले, मारला मात्र एकही नाही. आडनावावरचा हा विनोद त्या स्वतःच करायच्या. नवीन पोर भीत भीत आत आलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "माझं आडनाव वाघमारे हाय, पण तू घाबरू नको. आपल्याला वाघ मारायचा नाय, नुसता पिंजऱ्यात घालायचाय." पोर आईच्या ओढणीआडून खोलीभर नजर फिरवायचं, खरंच कुठे वाघ बसलाय का म्हणून.

उस्मानपुऱ्यातल्या एका गल्लीत डोळ्यांचं छोटंसं हॉस्पिटल आहे. पुढे डॉक्टर, शेजारी चष्म्यांचं दुकान, आणि जिन्याखालून वळून गेलं की पार मागे एक बिनखिडकीची खोली. तिरळी नजर, आळशी डोळा, एकाचे दोन दिसणं असल्या तक्रारींची पोरं डॉक्टर तिकडे धाडायचे. काउंटरवरची मुलगी ओरडायची, "मागच्या खोलीत जा!" ती मागची खोली म्हणजे मॅडमचं राज्य. टेबलावर एक जुनं यंत्र होतं, डोळे लावायला दोन नळकांडी असलेलं. डाव्या नळीत वाघाचं चित्र, उजवीत रिकामा पिंजरा. हाताशी दोन दांडे. ते हलवून वाघ पिंजऱ्यात न्यायचा, एवढंच. पण ज्या पोराचे दोन डोळे मिळून काम करत नाहीत, त्याला एक तर नुसता वाघ दिसतो, नाहीतर नुसता पिंजरा. दोन्ही एकदम दिसतच नाहीत, मग कोंडणार काय?

"पळाला मॅडम!" पोर ओरडायचं.

"पळाला नाय रे. तुझ्या मेंदूनं लपवला. परत बोलाव त्याला." आणि मुसलमान घरातलं लेकरू असलं तर लगेच दखनीत, "शेर कू हल्लू हल्लू अंदर ले बेटा. घाई कायकू करता? किधर जाता वो!"

घाई कशाला, वाघ कुठं जातोय, हे त्यांचं पालुपद. रांगेत ताटकळलेल्या आयांनाही हेच, चहा आणायला उशीर करणाऱ्या मावशींनाही हेच, आणि फाइल लवकर द्या म्हणणाऱ्या डॉक्टरांनाही हेच.

ठेंगणा बांधा, सुती साडी, घट्ट अंबाडा, आणि गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. आवाज घरच्या मोठ्या वहिनीसारखा, रागावला तरी अंगाला न लागणारा. पहिल्या भेटीत लक्षात राहायची ती मात्र त्यांची मान. मॅडम कुठलीही वस्तू घ्यायच्या आधी मान जराशी डावी-उजवीकडे हलवायच्या. पेन उचलायचं असो की दाराची कडी लावायची असो, आधी मान हलणार, मग हात पुढे जाणार. न ओळखणाऱ्याला वाटायचं, बाई नको म्हणतायत. भाजीवाल्यालाही तसंच वाटायचं. मॅडम वांग्याकडे हात नेताना मान हलवायच्या आणि तो बिचारा आपणहून भाव उतरवायचा. क्रांती चौकातले रिक्षावाले तर "चला ना मॅडम, बसा, जास्त नाही घेत" म्हणत मागे लागायचे. त्या हसून बसायच्या. चढतानाही आधी पायाने फळी चाचपायच्या. चहा ओततानाही तसंच. किटलीचं तोंड कपाच्या काठाला टेकवायच्या, टिंग असा आवाज आला की मगच ओतायच्या. मला वाटायचं, वयाबरोबर माणसाला अशा सवयी लागतात. माझी सासू नाही का गॅस बंद केलाय ते तीनदा बघत.

मी शाळेत मराठी शिकवते, शब्दांवर माझं पोट आहे. त्यामुळे मॅडमची माझी गट्टी जमली ती एका शब्दामुळे, असं म्हणायला हरकत नाही. पहिल्याच दिवशी आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो होतो. आत पैठणकडचा एक शेतकरी गडी त्याच्या पोराला घेऊन गेला होता. पडद्याआडून सगळं ऐकू येत होतं.

मॅडम म्हणाल्या, "हे बघा, पोराची नजर चांगली हाय. एकेक डोळा सुटा बघितला तर झ्याक दिसतं. पण त्याला खोली दिसत नाय."

गड्याने खोलीभर नजर फिरवली. मग म्हणाला, "दिसत नाय कशी? आत्ताच तर त्यानं दार ढकललं. आं रं, ही खोली दिसती का नाय तुला?"

"दिसती की," पोर म्हणालं.

"बघा! दिसती म्हणतोय." आणि खात्री करायला त्याने पोराला बाहेर काढलं, दारासमोर उभं केलं, आणि बोट दाखवून पुन्हा विचारलं, "ही काय हाय?" पोर म्हणालं, "खोली." बाकावरच्या आम्ही सगळ्या बायका तोंडाला पदर-ओढण्या लावून बसलो.

मॅडम हसल्या नाहीत. त्या बाहेर आल्या, मान हलवली, आणि म्हणाल्या, "ही खोली नाय दादा. तुमच्याकडं विहीर हाय?"

"हाय."

"वाकून बघितलं की पाणी किती खाली हाय ते कळतं ना?"

"कळतं की."

"ते याला कळत नाय. याला पाणी न् काठ एकाच कागदावर काढल्यासारखं दिसतंय."

गड्याचा चेहरा बदलला. पोराच्या डोक्यावर त्याचा हात गेला. "म्हंजी हा विहिरीवर एकटा जायचा नाय," एवढंच तो म्हणाला. मॅडम म्हणाल्या, "आत या. जाईल. आपण शिकवू."

त्या दिवसापासून मला 'खोली' हा शब्द वर्गात उच्चारताना तो गडी आठवतो.

आम्ही तिथे गेलो होतो ते जुईसाठी. जुई माझी मुलगी, तेव्हा पहिलीत होती. दमली, उन्हात गेली किंवा तंद्री लागली की तिचा डावा डोळा बाहेरच्या बाजूला सरकायचा. हाक मारली की परत जागेवर. सुरुवातीला क्वचित, मग रोज, मग दिवसातून पुष्कळदा. पायऱ्या उतरताना ती भिंत धरायची, आणि अंगणात फेकलेला चेंडू हातात यायच्या ऐवजी तोंडावर घ्यायची. आम्ही तिला वेंधळी म्हणत होतो.

मॅडमनी तिला काळा चष्मा घातला आणि समोर एक जाडजूड पुस्तक उघडलं. पानावर तळहाताएवढ्या माशीचं चित्र. "हिचे पंख चिमटीत धर बघू." जुईने सरळ कागदावर बोटं टेकवली. मॅडमनी फाइलवर काहीतरी लिहिलं. मग मला तो चष्मा दिला. मी घातला आणि खुर्ची मागे सारली. माशी पानातून उठून माझ्या नाकाशी आली होती! पंख कागदापासून चांगले वितभर वर, हवेत.

"किळस आली?" मॅडमनी विचारलं.

"आली."

"छान. ती किळस आपल्याला जुईला आणून द्यायचीय."

मग त्यांनी मला समजावलं. आमच्या डॉक्टरांनी आकृती काढून सांगितलेलं माझ्या डोक्यावरून गेलं होतं. मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला जाऊबाई हाय का?" मी म्हटलं, आहे. "मग सोपंय. घरात काही झालं तर तुम्ही एक सांगणार, त्या जरा दुसरं सांगणार. दोघी खरंच बोलतायत, पण उभ्या वेगळ्या ठिकाणी होत्या. दोन डोळ्यांचं तेच. मधे नाक हाय, म्हणून दोघांना जरा वेगळं दिसतं. हुशार मेंदू दोघींचं ऐकतो न् त्या फरकावरूनच वळखतो, काय जवळ हाय न् काय लांब हाय. पण एक डोळा भलतीकडंच बघाय लागला तर दोघींच्या सांगण्याचा मेळच लागत नाय. मेंदू वैतागतो. म्हणतो, तू गप बस. एकीला कायमचं गप केलं की घर शांत. पण मग खोली गेली." मग आवाज उतरवून त्या म्हणाल्या, "जुईचा मेंदू गप बसवायच्या बेतात हाय. वय वाढलं की मेंदू ऐकत नाय. आत्ताच करायचं."

म्हणजे थोडक्यात, आमच्या हातात थोडीच वर्षं होती. मॅडमनी ते मला घाबरवून सांगितलं नाही, पण मी घाबरले.

घरी करायचा अभ्यास म्हणजे चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी, आणि मण्यांची दोरी. दोरी मॅडमनी स्वतः ओवलेली. पोळ्याला बैलाच्या गळ्यात घालतात त्या माळेतले लाल, पिवळे, हिरवे मणी. दोरीचं एक टोक कपाटाच्या मुठीला बांधायचं, दुसरं नाकाच्या शेंड्याशी धरायचं आणि एका मण्याकडे टक लावून बघायचं. दोन्ही डोळे मिळून बघत असतील तर एका दोरीच्या दोन दोऱ्या दिसतात, आणि त्या बरोबर त्या मण्यावर एकमेकींना छेदतात. "फुली पडली का?" मॅडम विचारायच्या. एकच दोरी दिसली तर समजायचं, एक डोळा गप्प बसलाय. जुईला याची मोठी गंमत वाटायची. शाळेत फुली पडली की चुकलं, आणि मॅडमकडे फुली पडली की शाबासकी. ती शाळेतून आली की दप्तर फेकून दोरीला नाक लावायची आणि माझे सासरे त्या दोरीत अडकून शिव्या घालायचे.

गाडं अडलं ते सासूबाईंपाशी. आमची मंडळी मूळची पैठण तालुक्यातली, शेतीवाडीची. सासूबाईंच्या माहेरी हलकी तिरपी नजर म्हणजे भाग्याची खूण. 'लक्ष्मीचा डोळा' म्हणायचे. जुईचा डोळा सरकायला लागला तेव्हा त्या मनातून सुखावल्याच होत्या. पट्टी बघून त्यांचा जीव वरखाली व्हायचा. मी शाळेत गेले की त्या पट्टी काढून ठेवायच्या आणि मी यायच्या आधी परत लावायच्या. जुईने एकदा भोळेपणाने सांगून टाकलं. मी घर डोक्यावर घेतलं. सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत, आणि पट्टी मात्र काढतच राहिल्या. वाघ पिंजऱ्याच्या दारापर्यंत यायचा आणि पळायचा. मॅडमच्या लक्षात आलं. "घरी कुणीतरी वाघाचं दार उघडतंय," त्या म्हणाल्या. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "येते मी रविवारी. चहाला."

आल्या. सासूबाईंनी बसा म्हटलं, पाणी दिलं, आणि पहिला प्रश्न टाकला, "कुठल्या गावच्या म्हणायच्या तुम्ही?" या प्रश्नातून काय काढायचं असतं ते मला माहीत होतं, मॅडमना तर चांगलंच माहीत होतं. त्यांनी गावाचं नाव सांगितलं, आणि न विचारता पुढचंही सांगून टाकलं, "बौद्धवाड्यातली. वडील बाबासाहेबांच्या मागं गेलेले." सासूबाई म्हणाल्या, "बरं बरं." मी चहा ओतायला उठले तर मॅडम म्हणाल्या, मी ओतते. किटलीचं तोंड कपाला टेकवलं, टिंग. सासूबाई बघत होत्या.

मग मॅडमनी पर्समधून सुई काढली, दोरा काढला. "आजी, ओवता का जरा? माझ्याच्यानं होत नाय." सासूबाईंची नजर या वयातही पक्की. त्यांनी झटक्यात ओवून दिली. "आता एक डोळा झाकून ओवा." सासूबाईंनी डोळा झाकला. दोरा सुईच्या पुढून गेला. परत केलं, मागून गेला. त्या चिडल्या. सुई नाचवतायत, दोरा चाटतायत, पण दोरा काही जाईना. शेवटी हसायलाच लागल्या. "मेली, लई सतावती!"

"मला रोज सतावती," मॅडम म्हणाल्या. "मला जन्मापासून असंच दिसतं. माझा पण लक्ष्मीचा डोळा होता, आजी."

मी हातातली ताटली खाली ठेवली. इतके महिने मी त्यांच्यासमोर बसत होते, मान हलताना बघत होते, टिंग ऐकत होते, आणि मला कधी शंका आली नव्हती.

मॅडम सांगत होत्या तेही चहाच्या गप्पांसारखंच. डावा डोळा लहानपणी पार नाकाकडे वळलेला. गावात पाटलांच्या घरी एरवी यांना ओसरीवर चढू देत नसत. पण पेरणीच्या दिवशी बोलावणं यायचं, त्या भाग्याच्या डोळ्याच्या पोरीला पाठवा म्हणून. पहिली मूठ तिच्या हातून. वर ओचा भरून गूळ-शेंगा. वडील म्हणायचे, शहरात नेऊ, डॉक्टरला दाखवू. आई म्हणायची, राहू द्या, या डोळ्यापायी पोरीला मान मिळतोय. "आईचं तरी काय चुकलं? आमच्या घरात दुसरं कुणालाच तेवढा मान नव्हता," मॅडम म्हणाल्या. कॉलेजात गेल्यावर पोरं हसायची म्हणून स्वतःच हट्ट करून ऑपरेशन करून घेतलं. डोळा सरळ झाला. "नजर सरळ झाली, खोली नाय आली. उशीर झाला होता. मान हलवून, सावल्या बघून अंदाज बांधते. सवय झाली. पण आजी, त्या माशीचं पुस्तक मी हजारो पोरांना दाखवलंय. मला अजून ती कागदावरच दिसती."

सासूबाईंनी मॅडमच्या हातातली रिकामी कपबशी स्वतः घेतली आणि आत नेऊन स्वतः धुतली. आमच्या घरात याचा अर्थ काय होतो ते मी जाणते. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर जुईच्या डोळ्यावर पट्टी होती, आणि संध्याकाळी पट्टी निघाल्यावर सासूबाई दोरीचं टोक धरून विचारत होत्या, "फुली पडली का गं?"

त्यानंतर जुईचा वाघ हळूहळू माणसाळला. आधी पिंजऱ्याच्या गजांना अंग घासून जायचा, मग आत जाऊन बाहेर यायचा, मग आत बसायला लागला. डोळा सरकणं कमी झालं. पण माशी उठेना. प्रत्येक भेटीत मॅडम पुस्तक उघडायच्या, जुई कागदावर बोटं टेकवायची, आणि मॅडम "हरकत नाय, घाई कशाला" म्हणत पुस्तक मिटायच्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता फार वाट बघायला नको. मधल्या काळात मॅडमची निवृत्ती जवळ आली. हॉस्पिटलने मागच्या खोलीसाठी कॉम्प्युटरचं नवं यंत्र मागवलं. नळकांड्यांचं यंत्र कोपऱ्यात सरकलं, वर कापड टाकून. मॅडम पैठणला भावाकडे राहायला जाणार होत्या. मला उगाचच वाटत होतं की त्या गेल्या की जुईचं राहून जाणार. मी त्यांना तसं म्हटलंही. "मी गेले तर काय झालं? मेंदू तिचाय की," त्या म्हणाल्या, पण त्यांनीही त्या शेवटच्या आठवड्यात आम्हाला मुद्दाम बोलावून घेतलं.

जुईने काळा चष्मा घातला. मॅडमनी पुस्तक उघडलं. "धर बघू पंख."

जुईचा हात पुढे गेला आणि थांबला. कागदावर नाही, कागदाच्या बराच वर, हवेत. मग तिने झटकन हात मागे घेतला आणि किंचाळली, "ई! हलतीय का ती?"

मी मॅडमकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्यांनी ते लपवलं नाही. मीही रडत होते. जुईला मात्र दोन मोठ्या बायका माशीपायी का रडतात ते कळेना.

"कुठं हाय गं?" मॅडमनी विचारलं. आजवर त्यांनी हा प्रश्न कुठल्या पोराला विचारला असेल असं मला वाटत नाही. पोराची बोटं कुठे थांबतात एवढंच त्या बघायच्या. "कुठवर आलीय? मला दाखव."

"तुम्हाला नाही दिसत?"

"नाय."

जुईने आपला चष्मा काढून मॅडमच्या डोळ्यांवर चढवला. मग त्यांचं बोट धरलं, कागदावरून वर उचललं, अदमास घेत थोडं खाली आणलं, पुन्हा किंचित वर नेलं, आणि म्हणाली, "इथे. हा पंख. हात हलवू नका हं."

मॅडमनी हात हलवला नाही. मानही नाही. मी त्यांना मान न हलवता बसलेलं तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

बाहेर पुढचा पेशंट आला होता. मी फाइल घेतली, जुईला हाताला धरलं, दारापर्यंत आलो. पडदा सारताना जुई मागे वळली. मॅडम तशाच बसल्या होत्या, काळा चष्मा लावून, बोट हवेत धरून, जुईने ठेवलं होतं अगदी तिथेच.

"मॅडम," जुईने विचारलं, "आहे ना अजून?"

"हाय की," त्या म्हणाल्या. "तू ठेवलीस तिथंच हाय."